खापरखेड्याचा षड्ज

प्रायोगिक सॅक्सोफोनवादनाचे फलक आता आमच्या खापरखेड्यापर्यंत येऊ लागले आहेत. कार्यक्रम येत नाहीत, फलक येतात. कुणाचा तरी मुलगा मुंबईला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला असतो. तो घरच्या ग्रुपवर टाकतो, तिथून ते वसाहतीच्या ग्रुपवर उतरतं आणि सुप्रभातच्या गुलाबाखाली जाऊन बसतं. फलकावर दाढी वाढवलेला एक माणूस वाद्य तोंडाला लावून, डोळे मिटून उभा असतो. त्याखाली पुढच्या महिन्यातल्या तारखा. मुंबईत दोन, पुण्यात एक, गोव्यात एक. आणि तारखांखाली बारीक अक्षरात ध्वनीच्या शक्यता धुंडाळण्याबद्दल काहीतरी लिहिलेलं असतं. ते वाचून आमच्याकडचे लोक अंगठा दाखवतात आणि पुढे जातात.

सॅक्सोफोन आम्हाला अनोळखी आहे असं मात्र कुणी समजू नये. लग्नसराईत सावनेर, पाटणसावंगी, कामठी, कुठल्याही रस्त्याच्या कडेला उभं राहा. बँड आला की क्लॅरिनेटच्या शेजारी तो पितळी बाक दिसतोच. वाजवणारा बहुधा पन्नाशीचा असतो, गणवेशाची टोपी त्याला मोठी होत असते आणि त्याच्या चेहऱ्यावर वरातीतल्या आनंदाचा मागमूस नसतो. तो कामावर असतो. समोर नवरदेवाचे मित्र रस्त्यावर लोळत नागीण झालेले असतात आणि हा गृहस्थ बारा तासांपूर्वी जे वाजवलं तेच, त्याच श्वासात, त्याच तन्मयतेने वाजवत असतो. ज्याला सॅक्सोफोनची तपश्चर्या पाहायची असेल त्याने मे महिन्यात, दुपारी एकला, नागपूर जिल्ह्यातली वरात पाहावी.

दुसरी ओळख सिनेमाची. मनोहारी सिंग हे नाव कितीजणांना ठाऊक असेल सांगता येत नाही, पण त्यांचा सॅक्सोफोन ठाऊक नाही असं घर सापडणार नाही. ‘काश्मीर की कली’ 1964 चा, ‘आराधना’ 1969 चा. ‘आराधना’मधल्या त्या पावसाळी रात्रीच्या गाण्यातून सॅक्सोफोन काढून घेतला, तर खोलीत नुसती शेकोटी आणि दोन संकोचलेली माणसं उरतील. मनोहारी सिंग 2010 साली गेले. त्यांनी एका अख्ख्या देशाला शिकवून ठेवलं की सॅक्सोफोन म्हणजे काहीतरी लाडिक, थोडं वाह्यात, आईवडील झोपल्यावर ऐकायचं. त्या शिकवणीतून आम्ही अजून बाहेर आलेलो नाही.

त्यामुळे अडचण होते ती फलकाच्या खाली चिकटवलेली चित्रफीत उघडल्यावर. दाढीवाला फुंकतो आणि लाडिक काहीच येत नाही. आधी नुसती हवा येते. मग चाव्यांची टकटक. मग एक लांबच लांब किंकाळी, जिच्यात दोन-तीन आवाज एकमेकांचे गळे धरून उभे. आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: “गाणं कोनतं हाये जी हे?” गाणं कोणतंच नाही, असं सांगितलं की दुसरा प्रश्न येतो: “मंग वाजवून काहून राह्यला?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कुठल्याही शहरातल्या जाणकारांना विचारून पाहावेत, पहिल्याचं उत्तर ते देतील, दुसऱ्याला पाणी मागवतील.

आमच्या ओळीत एक काका राहतात. उभी नोकरी इथल्या औष्णिक वीजकेंद्राच्या बॉयलरवर गेली, आता निवृत्त. त्यांना मी इव्हान पार्कर या इंग्रज वादकाचं एकट्याचं सोप्रानो सॅक्सोफोनवादन ऐकवलं. हा माणूस नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, त्यामुळे वाजवणं तुटतच नाही. मिनिटांमागून मिनिटं आवाजाची एक चक्री फिरत राहते. काकांनी मोबाइल कानाला लावला, चष्मा काढला आणि दोन मिनिटांत निदान केलं.

“ट्यूब लीकेज हाये.”

“काका, हे संगीत आहे.”

“असन जी. पन लीकेज बी हाये.”

मी हसलो, पण ते हसले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून लावायला लावलं. मग म्हणाले, “हे पाह्य, वरचा आवाज येगळा हाये, खालचा येगळा हाये. दोन्ही एकाच जागून येऊन राह्यले. आन् मंधात एक तिसरा हाये, तो कोनी वाजवून नाही राह्यला. तो ह्या दोघाच्या भांडनातून निंगून राह्यला.”

नळीला एकाच वेळी दोन सुरांत बोलायला लावणं, आणि त्या दोन सुरांच्या घासाघाशीतून कानात तिसरा सूर उमटणं, यावर संगीतशाळांत प्रकरणंच्या प्रकरणं शिकवली जातात. काकांनी ते चहा गार व्हायच्या आत सांगितलं. यात चमत्कार काही नाही. बॉयलरच्या भिंती म्हणजे नळ्यांच्या रांगा. 210 मेगावॉटच्या संचात टर्बाइनकडे जाणारी वाफ चौरस सेंटिमीटरला सुमारे दीडशे किलो दाबाची आणि 540 अंशांच्या आसपास तापलेली असते. एखाद्या नळीला सुईएवढं भोक पडलं की त्यातून सुटणारी वाफ शेजारची नळी कापू लागते, ती तिच्या शेजारची. वेळेत कळलं तर एक नळी बदलायची, नाहीतर संच बंद पडतो आणि चौकशी चालू होते. आता ऐकण्यासाठी यंत्रं बसवलेली असतात, पण जुनी माणसं झडपेशी कान नेऊन सांगत, आवाज कोणत्या मजल्यावरून येतो आहे. त्या गदारोळात एक नवा ‘सूं’ शोधायचा असतो. असा कान तयार व्हायला जन्म जातो, आणि त्याला गंडा कुणी बांधत नाही.

मला वाटतं, या नव्या संगीताचं खरं घोडं इथेच अडलंय. शहरातला श्रोता कार्यक्रमाला जातो तो आवडून घ्यायला. त्याला आधीच सांगितलेलं असतं की हे थोर आहे, मग तो बिचारा पहिल्या किंकाळीपासून मान डोलवायला जागा शोधतो. हिंदुस्तानी संगीतात सम येते, मान आपोआप खाली जाते. इथे सम नाही. टाळी कधी वाजवायची हेही कळत नाही. वादक थांबला म्हणून एकाने वाजवावी, तर तो नुसता श्वास घेत असतो. उरलेला वेळ शेजारच्याकडे चोरून बघण्यात जातो. काका मात्र ऐकत होते ते काहीतरी मोडणार आहे अशा धास्तीने. आवडण्या-नावडण्याचा प्रश्नच नव्हता. आवाज बदलला की त्यामागे कारण असतं, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि ते कारण शोधत होते. प्रायोगिक सॅक्सोफोनवादकाला यापेक्षा बरा श्रोता कुठे मिळणार?

तसं हे वाद्यच जन्मापासून अपघातांतून वाचलेलं. अडॉल्फ सॅक्स 1814 साली बेल्जियममधल्या दिनाँ गावी जन्मला. लहानपणी तो उंचावरून पडला, टाचणी गिळून बसला, स्फोटात भाजला आणि नदीतून त्याला ओढून काढावं लागलं, असं त्याची चरित्रं सांगतात. इतकं होऊनही त्याने पॅरिसला जाऊन 1846 मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. तिथल्या वाद्यं बनवणाऱ्यांनी त्याला कोर्टात इतकं फिरवलं की त्याचं तीनदा दिवाळं निघालं, आणि 1894 मध्ये तो गरिबीतच गेला. वाद्य पितळेचं, पण गणती होते लाकडी फुंकवाद्यांत, कारण आवाज काढते ती वेतासारख्या एका गवताची जिव्हाळी. सनईला असते तशीच, फक्त इथे एक पात. म्हणजे कुळाने सनईच्या जवळचा, अंगावर लष्करी बँडचा पोशाख, आणि नोकरी नाचघरात. असा पोरगा पुढे प्रायोगिक निघाला तर नवल काय?

प्रयोग म्हणायचा कशाला, हाही प्रश्नच आहे. श्वास न तोडता वाजवत राहणं हा युरोपात प्रयोग ठरतो. जव्हारच्या बाजूला वारली माणूस दुधी भोपळ्याचा तारपा घेऊन रात्रभर तसाच वाजवतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरत राहतात. त्याला फलक नसतो, तारखा नसतात, ध्वनीच्या शक्यतांबद्दलचा मजकूरही नसतो. पीक हाती आलं की तो वाजवतो. मंगळुरूकडच्या कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडचा सॅक्सोफोन ऐकला आणि त्याच्यावर कर्नाटक संगीत वाजवायचा हट्ट धरला. वडील नादस्वरम वाजवणारे. गमक नीट यावेत म्हणून गोपालनाथांनी वाद्यात फेरफार करून घेतले, वर्षानुवर्षं घासलं, 1994 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवलं. 2004 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2019 मध्ये ते गेले तेव्हा सॅक्सोफोन दक्षिणेतल्या लग्नघरांत मंगलवाद्य होऊन बसला होता. काल ज्याला प्रयोग म्हणून नाकं मुरडली, त्याच्यावर आज अक्षता पडतात.

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. वसंतराव देशपांडे इथे शिकले, वाढले. त्यांचं गाणं कोणत्या घराण्यात बसवायचं यावर पंडितांची डोकी खाजवून झाली, आणि गृहस्थ आयुष्याची कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करत राहिला. आज सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्याच नावाचं सभागृह आहे आणि शुद्ध घराणेदार गायक तिथे तारीख मिळावी म्हणून धडपडतात.

आता षड्जाबद्दल. शीर्षकात लिहून बसलोय तेव्हा सांगायलाच हवं.

खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रात 210 मेगावॉटचे चार संच आणि 500 चा एक, मिळून 1340 मेगावॉट. टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 50. त्यातून निघणारी वीज 50 हर्ट्झची. ही वीज रोहित्रातून जाते तेव्हा त्याच्या आतलं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतं आणि सैलावतं, म्हणून रोहित्र गुणगुणतं ते 100 हर्ट्झवर. पेटीवर शोधायला गेलात तर खर्जातली पांढरी पाच, पण अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी चढी. यार्डाच्या कुंपणाजवळ रात्री उभं राहिलं की हा तंबोरा स्वच्छ ऐकू येतो. तार उतरत नाही, जवारी बिघडत नाही, मागे बसून छेडणाऱ्या शिष्याला झोप येत नाही. मे महिन्यात अख्ख्या महाराष्ट्राने कूलर लावले की वारंवारिता केसभर उतरते, पण ती 49.90 ते 50.05 च्या मध्ये ठेवायचं बंधन आहे. इतका बांधलेला षड्ज भल्याभल्या गवयांच्या मैफलीत मिळत नाही. आणि 2013 च्या अखेरीस दक्षिणेची जाळी उरलेल्या देशाशी जोडली गेल्यापासून श्रीनगरचं रोहित्र, नागरकोविलचं रोहित्र आणि आमचं रोहित्र एकाच सुरात आहेत. बाकी कशावर या देशाचं एकमत झालं असेल तर मला कळवावं.

हे मी गंमत म्हणून सांगत होतो, पण ज्याने ती गंमत मानली नाही असा एक सॅक्सोफोनवाला अमेरिकेत निघाला. ला माँट यंग त्याचं नाव. जन्म 1935 चा, आयडाहो राज्यातल्या एका खेड्यातला. आजोबांच्या पेट्रोलपंपाशेजारी विजेचं उपकेंद्र होतं, तिथल्या रोहित्रांची गुणगुण पोराच्या कानात बसली. मोठेपणी आधी ऑल्टो, मग सोप्रानिनो सॅक्सोफोन वाजवला, आणि 1962 मध्ये त्याने एक रचना केली, तिच्या नावातच उच्च दाबाच्या तारांवरचं रोहित्र आहे. पुढे पुढे तर त्याने तिकडच्या विजेच्या 60 हर्ट्झशी आपले सूर जुळवायला सुरुवात केली. तिकडचं रोहित्र 120 वर गुणगुणतं, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. पेटीवाल्याने कुठे बोट ठेवावं हा प्रश्नच. मग 1970 मध्ये हा गृहस्थ पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे. म्हणजे ज्या घराण्याने मिरजेत मुक्काम केला, जिथून सवाई गंधर्व आणि भीमसेन आले, तिथेच रोहित्राच्या सुरावर वाढलेला हा अमेरिकन येऊन पोचला. सुराच्या बाबतीत किराण्याचे लोक किती हट्टी, हे आपण जाणतोच. एक षड्ज लावायचा आणि तासभर त्याच्या घरात राहायचं. रोहित्राचा शेजार लाभलेल्या माणसाला दुसरं कुठलं घराणं मानवलं असतं?

आयडाहोच्या उपकेंद्राने जगाला एवढा मोठा प्रायोगिक संगीतकार दिला. आमचं केंद्र तर 1340 मेगावॉटचं आहे. आमच्या हातून आजवर काही झालं नाही, याचं कारण इतकंच की आम्ही त्या आवाजाखाली झोपतो. पोरं पालथी पडायला शिकतात तीही त्याच आवाजात. केंद्राच्या झडपा सुटतात तेव्हा पाहुणे दचकून उभे राहतात आणि घरचे लोक पुढचा घास घेतात. त्यात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतला कल्लोळ, ताजबागच्या उरुसाचा संदल, डीजे, आणि रस्त्यातली ट्रकची हॉर्नं. वीसेक वर्षं एवढं ऐकलेल्या माणसापुढे कुणी सॅक्सोफोनमधून किंकाळी काढली, तर तो दचकणार नाही. फार तर विचारेल, थांबनार कवा?

सॅक्सोफोनवाल्यांना शेजाऱ्यांचा त्रास मोठा. म्हणजे शेजाऱ्यांना त्यांचा. सनी रोलिन्ससारखा बडा वादक न्यू यॉर्कमध्ये 1959 ते 1961 या काळात रियाजाला विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन उभा राहायचा, घरात वाजवलं तर शेजारणीला त्रास होईल म्हणून. हेच रोलिन्स 1960 च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे पवईच्या एका आश्रमात येऊन राहिले. ध्यानात मन लागेना, तेव्हा स्वामींनी सांगितलं की वाद्य वाजवतोस तेच तुझं ध्यान, अशी आठवण त्यांनी मुलाखतींत सांगितलेली आहे. पुढे 1978 च्या पहिल्या जॅझ यात्रेत ते मुंबईला वाजवूनही गेले. त्या यात्रेचं घर असलेलं धोबी तलावचं रंगभवन नंतर शांतता क्षेत्राच्या नियमात सापडलं आणि तिथल्या रात्री बंद झाल्या. एकंदरीत शहरं सॅक्सोफोनला बोलावतातही आणि तक्रारही करतात. आमच्याकडे पूलही आहेत, कन्हान आणि कोलार अशा दोन नद्याही आहेत, आणि शांतता क्षेत्र कुठे असलंच, तर ते ऐकू येण्याची सोय नाही.

तेव्हा तारखांचे फलक छापणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. मुंबईत दोन कार्यक्रम ठेवता, त्यातला एक कमी करा आणि इकडे या. नागपुरातलं रेशीमबागेचं कवी सुरेश भट सभागृह घेऊ नका. दोन हजार खुर्च्या आहेत, उगाच मन खट्टू होईल. थेट खापरखेड्याला या. सावनेरची बस आहे, छिंदवाड्याची गाडी आहे. वसाहतीतलं सभागृह नाही मिळालं तर अंगणात सतरंजी टाकू. तिकीट लावू नका, इथे फुकट असलं तरच लोक शंका न घेता बसतात. पाठीमागे तंबोरा आणू नका, आहे. बँडमधल्या आमच्या सॅक्सोफोनवाल्याला मी पहिल्या रांगेत बसवतो. तुम्ही काय करता आहात ते सगळ्यात आधी त्याला कळेल, आणि त्याला ते पटलं नाही तर तो तोंडावर सांगेल. काकांना शेवटच्या रांगेत बसवावं लागेल, कारण त्यांना आवाज लांबून नीट सापडतो. मध्येच ते उठून तुमच्या वाद्याच्या आसपास काही शोधू लागले तर रागावू नका.

फक्त तारीख ठरवताना पंचांग बघा. लग्नतिथी असेल तर पहिली रांग रिकामी राहील. मे महिना तर नकोच. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, जिव्हाळी सुकून जाईल. डिसेंबर किंवा जानेवारी उत्तम. रात्री दुसऱ्या पाळीची माणसं सुटून येतील तेवढं थांबा, मग सुरू करा. आणि सुरू करण्याआधी माउथपीस जरासं आत सरकवून घ्या. आमचा सूर पांढरी पाचपेक्षा थोडा चढा आहे, आणि तो काही खाली यायचा नाही.